अर्थिंग

इंदूचं तोंड अर्धवट उघडं राहिलं आणि तसंच राहिलं. कपाळावरची बट मागे सारायला निघालेला तिचा हात वाटेतच थांबला.

"इंदू? ऐकू येतंय का?"

उत्तर नाही. माउस हलवला, तर पडद्यावरचा बाण जागचा हलेना. कीबोर्डवरची सगळी बटणं दाबून झाली. यंत्र हँग झालं होतं. त्या आठवड्यातली ही दुसरी खेप. मी खुर्चीत मागे रेललो आणि तिच्याकडे बघत बसलो. चौतीस वर्षांच्या संसारात बायकोकडे एवढा वेळ टक लावून पाहिल्याचं मला आठवत नाही. कानामागचे केस बरेच पांढरे झाले होते. गळ्यात मोत्यांची माळ होती, ती माझ्या ओळखीची नव्हती. कधी घेतली ते विचारायचं राहून गेलं.

शेवटी सीपीयूचं बटण दाबून धरलं. पडदा काळा झाला आणि त्यात माझंच तोंड दिसायला लागलं. ते बघण्यात काही अर्थ नव्हता, म्हणून उठलो.

जे खरं विचारायचं होतं, तेही त्या दिवशी राहिलंच.

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. धरणांचे, कालव्यांचे नकाशे काढण्यात हयात गेली आणि निवृत्त होऊन बार्शीतल्या आमच्या घरात राहायला लागलो. लेक मेघना बंगळुरात. पहिलं बाळंतपण खरं म्हणजे माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला प्रवास करू नको म्हणून सांगितलं. मग लेक माहेरी येण्याऐवजी आईच लेकीकडे गेली. तीन महिन्यांसाठी म्हणून गेलेली इंदू दीड वर्ष तिकडेच होती. आधी बाळाला कफ झाला, मग मेघनाची रजा संपली, मग त्याला, म्हणजे ईशानला, दात यायला लागले. दर वेळी काहीतरी निघायचं आणि तेही खरंच असायचं. त्यात कुणाचा दोष काढायची सोय नव्हती.

पण जूनमध्ये ईशान प्ले-स्कूलमध्ये जायला लागणार होता. मग तिचं तिथलं काम संपत होतं. परत येईन असं ती म्हणत नव्हती. येणार नाही असंही म्हणत नव्हती. मेघना तर विषयच काढत नव्हती. मला एवढंच विचारायचं होतं, की जूनमध्ये घरी येतेस का? दोन शब्दांचं काम. पण आमच्या घरात बोलण्याचं खातं पहिल्यापासून इंदूकडे होतं. ती बोलायची, मी पेन्सिलीला टोक करत हूं म्हणायचो. भांडण असं आमचं कधी झालं नाही. भांडायलासुद्धा दोघांनी बोलावं लागतं.

फोनवर विचारता आलं असतं म्हणाल, तर माझ्या डाव्या कानाने तरुणपणीच राजीनामा दिलेला आणि उजवाही निवृत्तीच्या वाटेवर. फोनवर मला माणसाचा आवाज म्हणजे नुसती फसफस. कानाचं यंत्र आणलं होतं, पण त्यातून शेजारच्या घरातली भांडी ऐकू यायची आणि समोरचा माणूस नाही. समोर तोंड दिसलं, ओठ हलताना दिसले, की मला समजतं. म्हणून जावईबापूंनी, श्रीनिवासने, हा कॉम्प्युटर घेऊन दिला. त्याला दोन स्पीकर, वर कॅमेरा. बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी इंदू पडद्यावर यायची. बाकीचे पाच दिवस मी खानावळीचा डबा खात होतो आणि टीव्ही मोठ्याने लावत होतो. दिवसभरात माझ्याशी बोलणारं माणूस म्हणजे डबेवाला, आणि तो "काका, डबा" एवढंच बोलायचा.

इरफान तांबोळीचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान एसटी स्टँडच्या मागे होतं. तिशीचा गडी, बोलायला मोकळा. पहिल्यांदा आला तेव्हा सीपीयूचं झाकण उघडून त्याने आत फुंकर मारली आणि खोकत मागे सरला.

"काका, आत तर शेत हाय. नांगरणी करून पेरणी बी होईल."

धूळ काढली. पुढच्याच रविवारी इंदू ईशानचं दुडुदुडु चालणं दाखवता दाखवता थिजली. दुसऱ्या खेपेला त्याने आतली एक पट्टी काढली. ती मेमरी असते म्हणे. तिची पितळी कडा त्याला घासायची होती.

"खोडरबर हाय का घरात?"

खोडरबर! आरेखकाच्या घरात! मी कपाटातून पांढरा, मऊ, जपून ठेवलेला खोडरबर काढून दिला. त्याने तो पाटीवर घासावा तसा खसाखसा घासला. माझ्या जिवाचं पाणी झालं, पण गरजवंताला अक्कल नसते. 

बुधवारी पुन्हा तेच. मग तो सगळं यंत्र दुकानात घेऊन गेला. ते दिवस मला फार जड गेले. टेबलाखाली फरशीवर सीपीयूच्या जागी एक स्वच्छ चौकोन राहिला होता आणि येता-जाता माझी नजर त्यावरच जायची. बुधवार आला तसा गेला. संध्याकाळी मी सवयीने खुर्चीत जाऊन बसलो आणि बसल्यावर माझं मलाच हसू आलं.

इरफान यंत्र परत घेऊन आला तो वैतागूनच.

"काका, चार दिवस न बंद करता चालवलंय. गाणी लावली, पिच्चर लावले. एकदा बी हँग न्हाई. ह्यात काय बी खराबी न्हाई बघा."

"मग माझ्या घरी का होतं?"

"आता ते मला ठावं असतं तर... दुकानात एकदम शहाणं पोरगं हाय. तुमच्याकडं आलं की हट्ट करतंय."

मी चिडलो. माझ्या घरात असं काय वाईट आहे, असं म्हणालो. तोही जरा चिडला. तरी खाली बसून त्याने वायरी जोडल्या. एप्रिलचं ऊन होतं, मी नुकतीच फरशी पुसून घेतली होती, त्याच्या चपला बाहेर होत्या. सीपीयूच्या मागचा स्क्रू आवळता आवळता त्याने झटकन हात मागे घेतला.

"काका, ह्याला हात लावला की तुम्हाला झिणझिण्या येत्यात का?"

"येतात. पण त्या वयाने."

"वयानं?"

"डॉक्टरांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्यात. हिवाळ्यापासून घेतोय."

तो फरशीवर बसून इतका हसला की डोळे पुसायला लागला. मग खिशातला टेस्टर काढून त्याने सीपीयूच्या पत्र्याला टेकवला. टेस्टरमधला लाल दिवा मिणमिणला. पत्र्यातच वीज होती. फार नाही, पण होती.

"तुमच्या घराला अर्थिंग लागत न्हाई. फालतूचा करंट जमिनीत जायला पायजे, तो ह्या डब्यातच बसलाय. आता मला सांगा, हे हँग नेमकं कधी होतं?"

"मला काही महत्त्वाचं विचारायचं असतं तेव्हा."

"काका, चेष्टा नको."

"चेष्टा नाही."

त्याने टेस्टर खिशात ठेवला. मग म्हणाला, "बोलताना जसं बसता तसं बसून दाखवा." मी बसलो. "आता विचारा मला काहीतरी महत्त्वाचं." मला काही सुचेना. "तुझं लग्न झालंय का?" असं विचारलं. विचारताना पुढे झुकलो, कारण उत्तर ऐकायला मला पुढे झुकावंच लागतं, आणि माझा उघडा गुडघा सीपीयूच्या पत्र्याला टेकला. चट्‌ झालं. पडद्यावरचं घड्याळ थांबलं.

"हे बघा!" इरफान ओरडला. "अनवाणी पाय, ओली फरशी. तुम्ही टेकला की त्यातला सगळा करंट तुमच्यातनं जमिनीत पळतोय. झटका बसला की हे गप्प. आन् लग्न झालंय माझं. दोन पोरी हायत."

म्हणजे मी मागे बसलो तर इंदू बोलायची, पण मला ऐकू यायची नाही. ऐकायला पुढे सरकलो की तिचं बोलणंच थांबायचं. कितीतरी दिवस मी यंत्राला शिव्या देत होतो आणि सगळा उद्योग माझ्या गुडघ्याचा होता.

"मग डबा लांब ठेवू," मी म्हणालो.

"ठेवा. पण तेवढ्यानं भागत न्हाई. आज गुडघा लागला, उद्या केबलला हात लागंल. एखाद दिवशी आतला बोर्ड जळून जाईल. अर्थिंग शोधावं लागंल. कुठं पुरलंय?"

हे मात्र मला शोभणारं काम होतं. मी कपाटाच्या वरून घराचा नकाशा काढला. हे घर बांधलं तेव्हा माझी बदली सोलापूरला होती. बांधकामावर देखरेख इंदूने केली, पण नकाशा माझ्या हातचा होता. खिडकी, मोरी, सांडपाण्याचा उतार, जिन्याची प्रत्येक पायरी, सगळं त्यात. मी तो टेबलावर पसरला. इरफानने वाकून वाकून बघितलं.

"लई भारी काढलाय. पण अर्थिंग कुठंय?"

नव्हतं. मी दोनदा बघितलं, तरी नव्हतं. मीटरच्या पेटीखालून एक हिरवी वायर भिंतीत शिरत होती आणि तिथून पुढे ती कुठे गेली ते देव जाणे.

"आता भिंत फोडायची, का काकींना विचारायचं?" इरफान म्हणाला.

"विचारतो."

रविवारी सीपीयू हाताच्या अंतरावर सरकवला आणि स्पीकर ओढून जवळ घेतले. इंदू मटार सोलत बसली होती. तिथे एप्रिलमध्येही मटार मिळतो.

"अहो, आज एवढे लांब का बसलात?"

"असंच. इंदू, आपल्या घराचं अर्थिंग कुठं आहे?"

"तुळशीखाली."

इतक्या चटकन म्हणाली, जणू मी चहाची भुकटी कुठे आहे असं विचारलं होतं.

"कुठं?"

"तुळशीच्या कट्ट्यात. त्याला लागून पाइप नाही का वर आलेला?"

तो पाइप मी रोज बघत होतो. दर वर्षी तुळशीच्या लग्नाला इंदू त्याला ऊस बांधायची. ऊस बांधण्यासाठीच तिने तो रोवून घेतला आहे, अशी माझी इतकी वर्षं पक्की समजूत.

"तो उसासाठी नव्हता?"

"उसासाठी लोखंडी पाइप कोण पुरतं? आयता होता म्हणून बांधत होते." ती हसली. "तो वायरमन म्हणाला, वहिनी, तुमच्याकडची जमीन उन्हाळ्यात खडखडीत वाळते, रोज बादलीभर पाणी घालायला लागेल, नाहीतर अर्थिंग धरायचं नाही. रोज कोण घालणार? मी म्हणलं, मग बाबा, तुळशीखालीच घाल. तिथं मी रोज घालतेच. तांदळाचं, डाळीचं धुवण पण तिथंच जातं."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?"

तिने ते टोचून म्हटलं नाही. शेंग सोलता सोलता म्हटलं. मला मात्र ते लागलं. मग तिचा हात थांबला. यंत्र चालू होतं, तीच थांबली होती.

"तुळशीला पाणी घालता ना?"

आमच्यात देवधर्म तिच्याकडे आणि नकाशे माझ्याकडे अशी वाटणी होती. तुळस मला तिच्या खात्यातली वाटायची. पाणी घालायचं माझ्या मनातसुद्धा कधी आलं नव्हतं.

"वाळली," मी म्हणालो.

"कधी?"

"तू गेल्यावरच्या पहिल्याच उन्हाळ्यात."

"अगं बाई! निघताना रिक्षात बसता बसता एवढं एकच सांगितलं होतं मी तुम्हाला. तुम्ही मान पण हलवलीत."

"कुठल्या बाजूला होतो मी? डाव्या का उजव्या?"

ती आठवायला लागली. हाताने रिक्षा दाखवली, मला उभं केलं, स्वतःला बसवलं. "डावा कान," ती म्हणाली. "डावाच कान होता हो माझ्याकडं!" आणि हसत सुटली. पदराने डोळे पुसले, पुन्हा हसली. मलाही हसू फुटलं. त्या घरात मी किती दिवसांनी हसत होतो कुणास ठाऊक. वाटलं, आत्ता. आत्ताच विचारायचं, अशा हसण्यात काहीही विचारता येतं. मी खुर्ची पुढे ओढली.

"इंदू, जूनमध्ये..."

खुर्चीच्या लोखंडी पायाने सीपीयूला ठोसा दिला. माझा हात खुर्चीवरच होता. चट्‌.

ती हसता हसता थांबली. डोळे मिटलेले, पदर गालाला लावलेला, सगळे दात दिसताहेत. मी ते यंत्र लगेच बंद केलं नाही. बाहेर अंधार पडेपर्यंत समोर बसून राहिलो. दिवा लावायला उठावंसं वाटेना. ती माझ्या घरात हसत होती आणि घरात कुणीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी इरफानला तुळशीची हकीकत सांगितली. त्याला आधी खरं वाटेना. मग कट्ट्यातली माती त्याने स्क्रूड्रायव्हरने उकरून बघितली. वरवरची खापरासारखी झाली होती, टोक आत जाईना.

"नवीन खड्डा, कोळसा, मीठ असलं नंतर बघू. आधी नुसतं पाणी घाला. धरलं तर धरलं."

मी बादली आणली. मधोमध तुळशीच्या काटक्या उभ्या होत्या, नुसत्या काळ्या काड्या. त्यांच्या मुळाशी पाणी ओतलं. दुसरी बादली ओतली, तिसरी ओतली. इरफान म्हणाला, "ऐका, कसा आवाज येतोय, पितीय बघा." मला काही ऐकू आलं नाही, पण पाणी वर राहत नव्हतं हे दिसत होतं. कुंपणापलीकडून सुलोचनाबाई डोकावल्या. त्यांच्या तोंडाचा आवाज मला कानाशिवायही ऐकू येतो.

"ठोंबरे, वाळल्या काटक्यांना पाणी घालताय?"

"हो. कॉम्प्युटर चालत नाही म्हणून."

त्यांनी इरफानकडे बघितलं. इरफानने गंभीरपणे मान डोलावली. त्या आत निघून गेल्या आणि माझ्याबद्दल जे काय ठरवायचं ते त्यांनी ठरवलं असणार.

आठवडाभर मी सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. नेमाने. बुधवारी मेघनाकडे पाहुणे होते, त्यामुळे बोलणं झालं नाही. रविवारी दुपारी इरफान आला, त्याने एका होल्डरला दोन वायरी लावल्या, एक विजेच्या भोकात घातली आणि दुसरी अर्थिंगच्या. बल्ब लख्ख पेटला. सीपीयूला टेस्टर टेकवला, तर लाल दिवा विझलेलाच.

"टेकवा गुडघा," तो म्हणाला.

मी टेकवला. काही नाही. थंडगार पत्रा. इरफानला चहा दिला, तो त्याने बशीतून प्यायला आणि जाताना दारात थांबला.

"काका, ते महत्त्वाचं आता विचारून टाका."

त्या संध्याकाळी मी दाढी केली. इस्त्रीचा सदरा घातला. सीपीयू मूळच्या जागी, खुर्ची मूळच्या जागी, आणि वेळेच्या आधीच बसलो.

इंदू आली. मी पुढे झुकलो आणि झुकूनच राहिलो. तिचा शब्द न्‌ शब्द ऐकू येत होता. ती खूप बोलली. ईशान आता "अज्जी" म्हणतो, आजी नाही, कारण सांभाळायला येणारी बाई कानडी. त्या बाईशी इंदू आता कानडीतच बोलते. खालच्या बागेत सकाळी सात-आठ बायका फिरायला जमतात, त्यांत दोघी आपल्याकडच्या, एक लातूरची. सगळ्या मिळून मैसूरला जाऊन आल्या. माळ तिथलीच. बसमध्ये तिने गाणं म्हटलं.

"तू? गाणं?"

"मग! शाळेत म्हणायचे की मी. तुम्हाला ठाऊक नाही?"

मला ठाऊक नव्हतं. मी ऐकत राहिलो. तिचा चेहरा भरला होता, बोलताना हात हलत होते. बार्शीत ती अशी हात हलवून कधी बोलत होती का, ते आठवायचा मी प्रयत्न केला. आठवेना. बोलता बोलता ती दम घ्यायला थांबली.

"जूनमध्ये ईशान शाळेत जाईल," मी म्हणालो.

"हो. पिशवी पण आणलीय. एवढुशी."

"मग तू ये. घरी ये, इंदू. मला इथं करमत नाही."

चौतीस वर्षांत मी तिच्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट असेल. बाकी सगळं न मागताच ताटात पडत होतं. म्हणून झाल्यावर मला एकदम हलकं वाटलं. मी तिच्याकडे बघितलं.

ती बोलली नाही. ओठ जरासे उघडे, डोळे माझ्यावर, हात मांडीवर, आणि सगळं स्थिर. झालं, मी मनात म्हणालो, नेमक्या वेळी पुन्हा दगा दिला. इरफानच्या नावाने मनातल्या मनात लाखोली सुरू केली. बंद करावं म्हणून बटणाकडे हात नेला. तेवढ्यात तिच्यामागचा खिडकीचा पडदा वाऱ्याने फुगला आणि खाली बसला. पुन्हा फुगला. पलीकडच्या खोलीत ईशान काहीतरी बडवत होता, त्याचा ठकठक आवाज स्वच्छ येत होता. यंत्र ठणठणीत होतं. मी हात मागे घेतला.

तिने पापण्या मिटल्या, उघडल्या.

"जेवलात का?" ती म्हणाली.

मला कळलं. ती येणार नव्हती.  पुढे दिवाळीला ती आली, आठ दिवस राहिली, दारात छान रांगोळी काढली, आणि पाहुणे जातात तशी पिशव्या मोजून परत गेली. अजूनही येते, वर्षातून एकदा. पण त्या संध्याकाळी मला पुढचं काही माहीत नव्हतं, आणि तरी सगळं माहीत होतं.

"जेवलो," मी म्हणालो. रविवारी रात्री खानावळ बंद असते.

"काय जेवलात?"

"पिठलं केलं होतं."

"तुम्ही? पिठलं?" तिचे डोळे मोठे झाले. मग तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि तिच्या लक्षात आलं. चौतीस वर्षं बरोबर राहिलेल्या बाईला तेवढं लक्षात येतंच. तिने खोटं पकडलं नाही. नाक पुसलं, पाय वर घेऊन मांडी घातली आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आली, मला नीट ऐकू यावं म्हणून.

"हे बघा. आधी बेसन गार पाण्यात कालवून ठेवायचं. गरम पाण्यात टाकाल तर गुठळ्या होतील. कढई मधली घ्या, मांडणीवर खालून दुसरी. तेल तापलं की मोहरी, मग जिरं, हिंग. लसूण ठेचून घाला, चिरत बसू नका. लाल होऊ द्या."

"मिरची?"

"दोन. तुम्हाला सोसत नाही. मग कांदा. बारीक."

"किती बारीक?"

तिने दोन बोटं जवळ आणून दाखवलं. मला ते आधीच कळलं होतं. पण मी विचारलं नसतं तर ती सांगायची थांबली असती.

"मग कालवलेलं ओतायचं आणि हलवत राहायचं. हात थांबवायचा नाही. गॅस बारीक. वर झाकण ठेवायचं, एक वाफ येऊ द्यायची. एवढंच. सोपं आहे हो."

 तिने पदराने पुन्हा नाक पुसलं. माझा गुडघा पत्र्याला टेकलेला होता. तिचं तोंड, तिचे ओठ, गळ्यातली माळ, मागचा हलणारा पडदा, सगळं समोर स्पष्ट दिसत होतं.

"आणि मीठ?" मी विचारलं. "मीठ कधी घालायचं?"